समोरचीला वाचा

क्लबमध्ये त्याला सगळे मामा म्हणत. मुलींच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन त्याची सख्खी भाची. तिचं ऐकून बाकीच्या मुलींनी तेच धरलं, आणि बघता बघता शिपायापासून सेक्रेटरीपर्यंत साऱ्या क्लबचा तो मामा झाला. कोचला मामा म्हणणं हे त्याच्या मते या क्लबच्या लायकीला धरूनच होतं.

लायकी हा त्याचा आवडता शब्द. सेक्रेटरीची लायकी कॅरमपुरती, पंचांची शिट्टीपुरती, आणि पलीकडच्या क्लबच्या कोचबाईंची आकड्यांपुरती. त्या बाई मुलींकडून चाली घोकून घेत. "तीन" म्हटलं की पाचही जणी ठरल्या जागी पळत, "पाच" म्हटलं की दुसरीकडे. मामा त्यांना पाढेवाली म्हणायचा. मध्ये भिंत असली तरी तिच्या पोरी तिसऱ्या चालीत भिंतीवर जाऊन आपटतील, असं तो चहा पिता पिता चवीने सांगे.

स्वतः तो चाली शिकवतच नसे. तो वाचायला शिकवायचा. "पाठांतर नको. समोरचीला वाचा. ती अंगाला चिकटली, तर तिच्या पाठीमागून बास्केटकडे पळा. लांब राहिली, तर सरळ शॉट मारा. तिने मान वळवली, की तुम्ही तिथून गायब." शिकवण सोळा आणे खरी होती. घोडं अडायचं ते मामाच्या उतावळेपणापाशी. मुलगी समोरचीकडे बघून काही ठरवणार, तेवढ्यात हा बाजूने ओरडायचा, "अगं बघ की!" आणि ती बिचारी बघायची मामाकडे. मामाचा हात बास्केटकडे गेला की पळायचं, खांदा उडाला की शॉट, हे पोरींनी केव्हाच हेरलं होतं. वाचायला त्या शिकल्या होत्या, पण वाचायच्या एकट्या मामाला. मामा मात्र खूश, की पोरी तयार झाल्या.

यंदा सेक्रेटरीने त्याला ऑफिसात बसवून स्वच्छ सांगितलं, "पाढेवालीशी हरलात तर पुढच्या वर्षी संघ तिच्याकडे. बोलणं झालंय." मामा हसत बाहेर आला आणि जिन्यात कठडा धरून उभा राहिला. दिवसभर तो एका दुकानात गिऱ्हाइकांना फरश्या दाखवायचा. तिथे त्याचं मत कुणी विचारत नसे, घरीही नाही. संध्याकाळी या हॉलमध्येच काय ती चार माणसं त्याचं ऐकत. ते गेलं तर त्याच्याजवळ काहीच उरणार नव्हतं.

सामन्यात सुरुवातीपासूनच पाणी मुरत होतं. पास निघण्याआधीच पाढेवालीच्या मुली तिथे हजर. "डोळे आहेत की बटणं?" मामा ओरडत होता, हात नाचवत होता. हात नाचला की पुढचाही पास त्यांच्याच हाती जात होता.

शेवटच्या क्वार्टरआधी भाची घाम पुसत आली.

"मामा, त्या आमच्याकडे बघतच नाहीयेत."

"मग कुणाकडे बघतायत?"

"तुझ्याकडे. बॉल कुठे जाणार ते तुझ्या हातावरून कळतं त्यांना. आमच्याही आधी."

मामाने पलीकडे पाहिलं. पाढेवाली शांतपणे बाटलीतलं पाणी पीत होती. तिने अदबीने मान लववली. बाईने मामाचा मामा बनवला होता, तोही त्याच्याच विद्येने.

"बरं, हात खिशात घालतो."

"खांदे उडतात तुझे. चेहराही बोलतो. तू भिंतीकडे तोंड करून बस."

"आणि तुम्हाला सांगणार कोण?"

"कुणी नाही."

बाकीच्या मुली बुटांच्या नाड्या बांधत राहिल्या. भाचीची लायकी काढायला मामाने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने खुर्ची फिरवली. सगळा हॉल हसला. त्यात सेक्रेटरीचं हसणं त्याला वेगळं ओळखू आलं आणि कान तापले.

समोर पोपडे आलेला रंग. मागे बराच वेळ नुसता बॉल आपटत राहिला. पोरींना कुठे बघावं तेच कळत नसणार. मग बुटांचा करकराट वाढला, मुली एकमेकींना हाका मारू लागल्या, आणि हसणारा हॉल गप्प झाला. मामाची मान जरा वळली.

"मामा, भिंत!" भाचीचा आवाज आला. मान जागेवर गेली.

एका बास्केटने त्या जिंकल्या. सेक्रेटरीने येऊन त्याच्या पाठीत थाप मारली. "तुमची जागा पक्की हो. काय खेळल्या पोरी! शेवटी कॅप्टनने नुसत्या मानेने समोरचीला कसं फसवलं, अहाहा. सगळं तुमच्या शिकवणीतलं."

मामाने हो म्हटलं. इतकी वर्षं ज्या खेळासाठी त्याने घसा फोडला, तो पोरींनी अखेर खेळून दाखवला होता, आणि एवढ्या भरल्या हॉलमध्ये तो त्यानेच तेवढा पाहिला नव्हता.