सूज आहे का, ते आधी पाहा

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत ताई बसायची, आतल्या खोलीत तिचा धाकटा भाऊ. ताईचं काम लोकांना बोलतं करणं, भावाचं काम त्यांचं अंग मोकळं करणं. सत्तावीस वर्षं हे असं चाललं. येणारा माणूस आधी पाऊण तास ताईसमोर बसे, मग मधलं दार ओलांडून भावाच्या बाकावर पालथा झोपे. ताई म्हणजे नुसता वेळकाढूपणा, खरं काम आत होतं, असं काहींना वाटे. काहींना बरोबर उलटं वाटे. दोन्ही पक्ष पुन्हा पुन्हा येत.

ताईकडे दोन वेताच्या खुर्च्या आणि फक्त तिलाच दिसेल असं ठेवलेलं घड्याळ. भावाकडे लाकडी बाक. चेहऱ्यासाठी बाकाला भोक त्याने स्वतः करवतीने पाडलं होतं आणि ते दोन बोटं डावीकडे गेलं होतं, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना तिरकं झोपायची सवय लागली. तेलाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी असे. खाली दुकानात मशीन चालवून बघायला लागले की बाक बारीक थरथरे. "त्याचे आम्ही वेगळे घेत नाही," असं ताई म्हणे.

बाहेर बोललेलं आत जायचं नाही, हा दोघांमधला नियम. ताई तळहाताएवढी चिठ्ठी लिहून देई. तिच्यावर दुःख लिहायचं नाही, फक्त जागा. 'मान, उजवीकडे. हळू.' 'कंबर. आज बोलू नकोस.' ही सूचना वायाच जाई, कारण भाऊ एरवीही बोलत नसे. गिऱ्हाइकं त्याला मौनी म्हणत. बँकेतल्या एका कॅशियरने वर्षभर येऊन शेवटी विचारलं, "ताई, तुमच्या भावाला आवाज आहे ना?"

"आहे की. शाळेत बडबडीपायी वर्गाबाहेर उभा असायचा."

"मग?"

"मग काही नाही. जा आत, मान दाखवा."

प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी मात्र एक ओळ ठरलेली होती : 'सूज आहे का, ते आधी पाहा.' डोकं दुखणाऱ्यालाही तीच, खांदा आखडलेल्यालाही तीच.

ती कुठून आली हे भावाला माहीत होतं. खोल्या घेतल्या त्या पहिल्याच वर्षी आईची पोटरी दुखू लागली. ताईने गमतीने तिलाही चिठ्ठी दिली : 'डावी पोटरी. आईची आहे, फुकट कर.' भावाने अर्धा तास चोळलं. पाय जरा सुजलेला होता, गरमही होता. त्याला वाटलं, दिवसभर उभी असते, भरून आला असेल. त्याने जोर वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाणी प्यायला उठली, धाप लागून खाली बसली आणि डॉक्टर यायच्या आत गेली. रक्ताची गुठळी, डॉक्टर म्हणाले. पायातून सुटली असेल. कधी, कशाने, ते सांगता येणार नाही.

पंधरवड्याने खोल्या उघडल्या तेव्हा चिठ्ठीवर ती ओळ आली. ताई आपल्याला रोज एकदा सुनावते आहे, असं भावाने धरून चाललं. त्याने विचारलं नाही. जगाला बोलतं करणाऱ्या ताईनेही भाऊ गप्प का झाला ते विचारलं नाही. आपणहून आल्याशिवाय कुणाला छेडायचं नाही, हा तिचा धंद्याचा नियम. घरातही तिने तोच पाळला.

पुढे ताईचे गुडघे गेले. जिना जमेना, तेव्हा ती आपल्या तळमजल्यावरच्या घरी बसली. भावाने एकट्याने दोन्ही कामं करून पाहिली. मान दाबता दाबता तो म्हणे, "बोला, मोकळेपणाने बोला." त्या आवाजाने माणूस असा ताठ होई की मान पुन्हा पहिल्यापासून दाबावी लागे. कॅशियर म्हणाला, "मौनी, तुम्ही आपले गप्पच बरे."

मग भावाचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला. सुटायला वर्षही लागेल, म्हणाले. त्याने चार दिवस केला आणि सोडला. सहा महिने बाक रिकामा राहिला. खालच्या दुकानदाराला माल ठेवायला वरच्या खोल्या हव्या होत्या. "देणार असलात तर महिनाअखेरीपर्यंत सांगा," तो म्हणाला.

भाऊ किल्ल्या खिशात घालून ताईकडे गेला. वेताच्या खुर्च्या आता तिथे होत्या. तो पाहुण्याच्या खुर्चीत बसला.

ताई म्हणाली, "भाऊ म्हणून आलास की गिऱ्हाईक म्हणून?"

"गिऱ्हाईक म्हणून."

तिने टेबलावरचं घड्याळ स्वतःकडे वळवलं. भावाने खिशातल्या किल्ल्या काढून मांडीवर ठेवल्या. मग भाऊ म्हणाला, "आईचा पाय गरम होता. हाताला लागलं होतं मला."

"मलाही माहीत होतं."

"काय?"

"तू चोळलंस त्या दिवशी सकाळी मीच तिला चप्पल घातली. डाव्या पायात चढेना. पट्टा सैल केला नि संध्याकाळी चिठ्ठी लिहिली. वर गंमत केली."

"मग ती ओळ?"

"कुठली?"

"कुठली काय? सत्तावीस वर्षं रोज वाचतोय मी."

"ती तुला नव्हती रे. लिहिणारी मी. चिठ्ठी हातातून सुटायच्या आधी मला ते लिहावं लागायचं."

"मला वाटलं, मला बोलतेस."

"विचारायचंस मग."

"मी? विचारायचा धंदा तुझा."

ताईने सवयीने एक चिठ्ठी फाडली, 'उजवा खांदा. भिंत. रोज' असं लिहिलं आणि खाली पेन टेकवून थांबली.

"लिही की," भाऊ म्हणाला.

तिने ओळ लिहिली. चिठ्ठी घेताना भाऊ ताईच्या गुडघ्यांकडे पाहत होता. सत्तावीस वर्षांत त्याने तिला कधी हात लावला नव्हता. तिने सांगितलं नव्हतं आणि त्याला धीर नव्हता. तो खाली बसला आणि डाव्या हाताची पाठ आधी एका गुडघ्याला लावली, मग दुसऱ्याला.

"सूज आहे. उजवा गरमही आहे."

"वयाने आहे. चोळ जरा, बरं वाटेल."

"नाही. आधी डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन गेला. गुडघ्यात पाणी झालं होतं, ते काढलं. वाटेत त्याने दुकानदाराला गाठून खोल्या देत नसल्याचं सांगितलं. लोक आधी ताईच्या घरी बोलतील आणि चिठ्ठी घेऊन चालत वर येतील, असं ठरलं. हात सुटेपर्यंत तो डाव्याने जमेल तेवढंच करणार होता.

रिक्षात चढताना वरचा दांडा धरायला त्याने उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही. डाव्याने धरून तो बसला आणि आईच्या चपलांचा रंग कोणता होता यावरून बोलू लागला. ताईने दोनदा मनगटावरचं घड्याळ पाहिलं. घर आलं तरी त्याचं संपलं नव्हतं.