बोकडाच्या दाढीची माशी

चहा घ्या अगोदर. एकदा मी हे सांगायला लागलो की माझं डोकं फिरतं, आणि मग माझ्यासमोर कुणी फुर्र करून चहा ओढलेला मला खपत नाही. माणसानं आपल्याच हातानं आपली अब्रू कशी काढून घ्यावी, हे बघायचं असेल तर माझ्याकडं बघा.

सगळ्याचं मूळ माझा साडू, विलास. त्याची नोकरी मालवणात. मागं आम्ही त्याच्याकडं गेलतो, तेव्हा त्यानं मला माशीनं मासे धरायचा नाद लावला. माशी म्हणजे गुळावर बसते ती नव्हे. गळावर केस, पिसं, दोरा असं बांधायचं की माशाला ती कोळंबी वाटावी. खाडीच्या तोंडाशी गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, काठीनं दोरी हवेत मागंपुढं खेळवायची आणि ती खोटी कोळंबी अलगद माशाच्या नाकापुढं टाकायची.

आता माझं कोल्हापूरला उद्यमनगरात विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. जळक्या मोटारींत तांब्याची तार गुंडाळण्यात हयात गेली. गळावर दोरा गुंडाळणं मला काय अवघड? कोळंबीच्या डोळ्यांसाठी हुपरीहून पैंजणाचे बारीक मणी आणले. पहिली माशी अशी जमली की बायकोनं विचारलं, कालवणात टाकू का. मी फुगलो आणि विलासला फोटो धाडला.

त्याचा लगेच फोन. म्हणाला, दिसायला बरी आहे, पण केस नायलॉनचे वाटतात. बाहेरच्या देशांत जाणकार लोक हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. "तुमच्या कोल्हापूरला कुठलं मिळायचं म्हणा."

तुमच्या कोल्हापूरला! हा स्वतः गारगोटीचा, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलाच. जरा खारं वारं लागलं तर कोल्हापूर एकदम 'तुमचं' झालं? मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आमच्या शेजारी दत्तूकाका चौगुले. दुधाचा धंदा, घरात चार म्हशी आणि राजा नावाचा एक बोकड. पांढराशुभ्र, दाढी छातीपर्यंत. काका त्या दाढीला रोज कंगवा फिरवायचे. सख्ख्या नातवाचे एवढे लाड केले नसतील. आणि हा लाडका राजा आमच्या अंगणात येऊन आमची तुळस खायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तुळस खात होता, मी रागात होतो आणि माझ्या हातात दोरा कापायची कात्री होती. पुढचं काय सांगायचं?

संध्याकाळी काका गल्लीत उभं राहून दाढी कापणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. शहाणा माणूस गप घरात बसला असता. मी मात्र शंका नको म्हणून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं शिव्या दिल्या. स्वतःच्या सात पिढ्यांना, स्वतःच्या तोंडानं. चोर शोधायला काकांबरोबर घरोघर फिरलोसुद्धा. काकांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तू हाईस म्हणून आधार हाय रं, सुरेश."

मग त्या दाढीची माशी बांधली. देखणी झाली होती. फोटो काढला आणि विलासची जिरवायची म्हणून खाली लिहिलं, 'अस्सल हरणाच्या शेपटीची माशी. कोल्हापुरात सगळं मिळतं.' विलासनं कौतुकानं की खोडसाळपणानं कोण जाणे, तो फोटो असेल नसेल त्या ग्रुपवर टाकून दिला.

थोड्याच दिवसांत दुकानात दोघं पावणं आले. साधे कपडे, बोलायला गोड. विचारलं, हरणाच्या शेपटीचं काम करतात ते तुम्हीच का? मला वाटलं, आपली कीर्ती पसरली. बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, भजी मागवली, माशा मांडून दाखवल्या. त्यांनी हळूच विचारलं की केस कुठून आणता.

इथं तरी थांबावं की नाही? पण जीभ सैल सुटलेली. म्हणालो, "गारगोटीच्या पल्याड जंगलात आपली माणसं हाईत. सांगशीला तेवढा माल मिळंल."

वयस्कर पावण्यानं कप खाली ठेवला, भज्याचं तेल रुमालाला पुसलं आणि खिशातनं ओळखपत्र काढलं. दोघं वनखात्याचे.

मी भडकलो. म्हणालो, माझी भजी खाऊन माझ्यावरच उलटता? हे बोकडाचे केस आहेत, पुरावा काय तुमच्याकडं? तो साहेब शांतपणे म्हणाला, "पुरावा आत्ता तुम्हीच दिला की. हरणाची शेपूट जवळ ठेवणं गुन्हा हाय. बोकडाचे केस असतील तर बोकड दाखवा."

बोकड दाखवा. बघितलं, कुठं अडकलो? आधी म्हणालो, बोकड वारला. मग म्हणालो, वारला नाही, लांबच्या पावण्यांकडं आहे. साहेबांनी जीपचं दार उघडलं. जीपमध्ये मी मनात तोलत होतो, तुरुंग बरा की दत्तूकाका? शेवटी घराचा पत्ता सांगितला खरा, पण गल्लीत वळेपर्यंत माझा कौल तुरुंगाच्याच बाजूनं होता.

सरकारी जीप बघून सगळी गल्ली गोळा झाली. बायको दारात. काका ओट्यावर, शेजारी बोडका राजा. साहेबांनी माशी काकांच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, हे केस तुमच्या बोकडाचे का? काकांनी चष्मा लावला. माशीकडं बघितलं, बोकडाकडं बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मी मागं उभा राहून हात जोडत होतो.

"न्हाय ब्वा सायब," काका म्हणाले. "दाढी कापणारा चोर येगळा हाय. ह्यो सुरेश तर त्याला हुडकाय माझ्यासंगं फिरत हुता."

ते भोळेपणानं बोलले की मुद्दाम, मला आजतागायत कळलेलं नाही. पण माझा तोल गेला. सगळ्या गल्लीसमोर, शिरा ताणून ओरडलो, "मीच कापली! काका, दाढी मीच कापली!" आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, मी गुन्हा कबूल करत नाही, काकांना दम देतोय.

काका सावकाश उठले, माशी राजाच्या हनुवटीला लावून बघितली आणि म्हणाले, "आता जुळतंय."

साहेबांनी बोकडाचे केस आणि माझ्या माशा तपासणीला घेतल्या. केस बोकडाचेच निघाले, ते पुढं कळलं. त्या दिवशी मला असली थट्टा पुन्हा करू नका म्हणून झाडलं आणि निघाले. जाता जाता दुसऱ्या, तरुण साहेबानं माशी बोटांत फिरवत काकांनाच सहज विचारलं, "काका, एवढं सगळं झालं, पण असल्या माशीला कधी मासा लागतो का हो?"

काका राजाच्या उरल्यासुरल्या दाढीवर कंगवा फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "लागलाय की सायब. ह्यो काय तुमच्या म्होरं हुबा हाय."