पुसून बोलायची कॅसेट

केजच्या एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझं दुकान आहे. पाटीवर अजून 'रेडिओ, टेप, टी.व्ही. दुरुस्ती' असं लिहिलेलं आहे, पण गेली कित्येक वर्षं मी मोबाइलच्या काचा बदलतो आणि कव्हरं विकतो. पाटी नव्यानं रंगवून घ्यायचा कंटाळा, दुसरं काही नाही. पन्नाशी जवळ आली की माणसाचे आधी डोळे दगा देतात, मग मान, आणि शेवटी उत्साह. माझा क्रम जरा उलटा झाला. उत्साह सगळ्यात आधी गेला.

म्हणून नांदूरघाटहून जीपनं येऊन आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिशवीतून तो टेप काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते, झालं, आणखी एक काम. खोटं कशाला बोलू.

हातात घेऊन हिंडता येईल असा चपटा टेप. एका अंगाला पट्टा, पुढं बटणांची रांग, कोपऱ्यात माइकची बारकी जाळी. आई-आबा ऊसतोडीला जायचे त्या वर्षांतला. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला होता आणि आत एक कॅसेट होती. आबा खुर्ची ओढून बसले.

"हे चालू करून दे," ते म्हणाले. "वर्षश्राद्धाच्या आत. तिचा आवाज हाय त्यात."

आई मागच्या पावसाळ्यात गेली. तिचे फोटो आहेत. माझ्या मोबाइलमध्ये तिचे तीन व्हिडिओसुद्धा आहेत, पण तिन्हीत ती पदर तोंडापुढं धरून हातानं नको नको करते आणि एक शब्द बोलत नाही. दिवसभर मोबाइलच्या ढिगात बसणारा माणूस मी, आणि आईचा आवाज धरून ठेवायचं मला सुचलं नाही. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडत नाही.

हा टेप दुरुस्त कर म्हणून आईच माझ्या मागं लागली होती. जायच्या आधीच्या चार वर्षांत चार वेळा तरी म्हणाली असेल. गावाकडं गेलो की भाकरी वाढता वाढता म्हणायची, "तेवढं टेपचं बघ की." मी म्हणायचो, "बघू." एकदा तर तिनं तो गुपचूप माझ्या पिशवीत टाकला होता. केजला आल्यावर सापडला. पुढच्या खेपेला मी तो न उघडताच परत नेऊन दिला आणि म्हणालो, याचे पार्ट आता मिळत नाहीत. तिनं फडक्यात गुंडाळून पुन्हा फळीवर ठेवला. पार्ट मिळत नाहीत हे मी शोधून सांगितलं नव्हतं, तोंडाला आलं म्हणून सांगितलं होतं.

आता तोच टेप पुढ्यात होता, आणि आबांना त्यातून आईला ऐकायचं होतं. अडचण अशी होती की त्या कॅसेटमध्ये आई नाही हे मला माहीत होतं.

ते कसं, हे सांगायला हवं. दसरा झाला की आई-आबा टोळीबरोबर कारखान्याला जायचे. मी शाळेसाठी नांदूरघाटला आत्याकडं राहायचो. आईला लिहिता येत नव्हतं, आबांना सही तेवढी यायची. मग आमच्या टोळीत एक पद्धत पडली. कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, बसून आई टेपमध्ये बोलायची. टोळीचा मुकादम गावाकडं यायचा तेव्हा कॅसेट खिशात घालून आणायचा. गावात शिंप्याच्या दुकानात मोठा टेप होता, तिथं आम्ही ती ऐकायचो. ऐकून झालं की शिंपी कॅसेट पहिल्यापासून लावायचा, आणि मी त्याच कॅसेटवर, आईच्या बोलण्यावरच, उत्तर बोलायचो. मुकादम ती परत न्यायचा. तिकडं माझं ऐकून झालं की त्याच्यावर आई बोलायची. पाटी पुसून लिहावं तसं. सगळेच असं करायचे. आवाज जपून ठेवायची वस्तू आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. निरोप पोचला की त्याचं काम संपलं.

आणि शेवटचा मी बोललो होतो. ते मला पक्कं आठवत होतं, कारण माझं उत्तर तिकडं पोचलं आणि आठवड्याच्या आत आई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरून पडली. कंबरेला लागलं. दोघं परत आले आणि पुन्हा कधी तोडीला गेले नाहीत. त्या कॅसेटला पुढं उत्तर आलंच नाही. म्हणजे तिच्यात जो आवाज होता तो माझा, आणि त्याच्याखाली जी पुसली गेली ती आई. पुसणारा मीच.

हे आबांना कसं सांगायचं? मला सांगवेना. मी टेप ठेवून घेतला आणि म्हणालो, बेल्ट मागवावा लागेल.

पुढच्या आठवड्यात आबा आले. मी म्हणालो, बेल्ट आला नाही. त्यांनी मान हलवली, पाणी पिऊन गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. या वयात दाटीवाटीच्या जीपमध्ये बसून येणं सोपं नाही. मी एका मोबाइलच्या काचेशी झटत होतो. मान वर न करता म्हणालो, "आबा, बेल्ट अजून..."

"व्हत न्हाई तर न्हाई म्हन," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुह्या आईला बी तू बघूच म्हनलास."

मला फार लागलं ते. मी काच तशीच ठेवली, आबांना बसायला सांगितलं आणि मागच्या गल्लीत भंगारवाल्याकडं गेलो. आम्ही दोघं बरोबरच धंद्याला लागलो. त्यानं वेळीच दुरुस्ती सोडून भंगार धरलं, आणि ते तो मला विसरू देत नाही. मी त्याच्या ढिगात टेप शोधायला लागल्यावर म्हणाला, "कावून बे, आता कॅसेटी भरून देनार का लोकायला?" माझं तोंड बघून तोच उठला आणि एक फुटका टेप आणि तीन-चार कॅसेटी काढून दिल्या. "ने. माघारी आनू नगं," म्हणाला.

दुकानात येऊन मी आईचा टेप उघडला. आबा समोर बसून बघत होते. सेलच्या खणातल्या स्प्रिंगा हिरव्या पडल्या होत्या, त्या खरवडून काढल्या. चाकं फिरवणारा जुना रबरी बेल्ट गळून चाकांना चिकटला होता, त्याचं काळं डांबर झालं होतं. स्पिरिटमध्ये कापसाची काडी बुडवून ते पुसत बसलो. काडी काळी झाली की दुसरी. बोटं काळी, नखं काळी, चष्म्याच्या काचेवर काळा डाग. पूर्वी हे काम मी गुणगुणत करायचो. आता कंबर बोलत होती आणि मध्येच एकजण येऊन चार्जर विचारत होता. मी नाही म्हणून सांगितलं, चार्जर समोर टांगलेले असताना.

फुटक्या टेपचा बेल्ट जरा सैल होता, पण बसला. फीत ओढणारं रबराचं चाक कडक झालं होतं, ते पॉलिश पेपरनं घासलं. नवे सेल घातले. आधी भंगारातली कॅसेट लावून बघितली, कारण अशा वेळी टेप फीत खातो, आणि ही कॅसेट खाल्ली तर संपलंच. चाकं फिरायला लागली. फीत खाल्ली नाही.

मग आईची कॅसेट हातात घेतली. मूळची भजनांची, विकत आणलेली. अशा कॅसेटवर बोलता येऊ नये म्हणून कडेला एक भोक असतं. ते बुजवलं की बोलता येतं. आबांनी बिडीच्या बंडलाचा कागद चघळून त्याचा बोळा तिथं बसवला होता, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आता भोक रिकामं होतं. पडला असेल बोळा, इतकी वर्षं झाली. आतला फीत दाबायचा स्पंजचा तुकडाही झडला होता. भंगारातल्या कॅसेटचा काढून तिथं चिकटवला. चिमट्यानं दाबून तो नीट बसवला. मी मनात म्हणत होतो, नाही वाजली तर बरं. मग आबांना सांगता येईल की फीत खराब झाली, आई होती पण गेली.

आधी भजनांची बाजू लावली. आवाज जड आला, गाणारा झोपेत असावा तसा. मोटारच्या पाठीमागं एक बारीक स्क्रू असतो, तो थोडा थोडा फिरवला. "आता बराबर हाय," आबा म्हणाले. ती भजनं त्यांनी कोपीत किती ऐकली असतील. मी कॅसेट उलटी केली, हातानं फिरवून पहिल्यापासून आणली आणि बटण दाबलं.

खरखर झाली. शिंप्याच्या मशिनचा खडखडाट आला. मग एक पोरगा निबंध वाचावा तसा बोलायला लागला.

"तीर्थरूप आई-आबांना साष्टांग नमस्कार. मी इथं खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. गणितात कमी पडले. आत्या मारत नाही. शेळीला दोन पिल्लं झाली. आता बंद करतो."

मध्ये खोकून, थांबून, मिनिटभर. शिंप्याच्या दुकानात चार माणसं ऐकत उभी असायची, मला लाज वाटायची, म्हणून मी नेहमी असं आटपतं घ्यायचो. मी आबांकडं बघितलं नाही. स्क्रूड्रायव्हर उचलून उगीच पुसायला लागलो.

"हे तर तुहं हाय," आबा म्हणाले.

"हो."

आबा टेपकडं वाकले. मग म्हणाले, "आत्ता समजलं. पडली ना ती, त्या वक्ताला हातरुणात पडल्या पडल्या तिनं केसातल्या आकड्यानं बोळा उकरून काढला. मी म्हनलं, कावून काढलास? तर म्हनली, आता यावर कुनी बोलायचं न्हाई. मला वाटलं भजनं जपायलीये."

म्हणजे बोळा पडला नव्हता. आई चार वर्षं माझ्या मागं लागली होती ती हे ऐकायला. गणितात कमी पडलेल्या पोराचं मिनिटभराचं बोलणं तिला ऐकायचं होतं, आणि ते पोरगं मोठं होऊन पाटीवर टेप दुरुस्ती लिहून बसलं होतं आणि बघू म्हणत होतं. मला रडू आलं. काउंटरवर बसून, भरदुपारी, समोरून लोक जात असताना आलं.

टेप बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. कॅसेट फिरत होती. आत टक् असा आवाज झाला, आणि आई बोलली.

"...कांबळं घेऊन झोपत जा. आत्याला उलट बोलू नगं. तुहे आबा हितंच बसलेत, बोला म्हनलं तर नुसते हसायलेत. आन उत्तर लांब बोल बाळा. मागच्या बारीला लई थोडं बोललास. लगीच सरतं. मंग मी तेच ते फिरवून ऐकते. बंद करा आता, सेल जातील."

पुन्हा टक्. त्याच्यापुढं भजन, मधूनच कुठून तरी.

मी बटण दाबून बंद केलं. हे मला आधी सुचायला हवं होतं, धंदाच माझा तो. माझं बोलणं जिथं संपलं तिथपर्यंतच तिचं पुसलं गेलं होतं. ती लांब बोलली होती, मी थोडं बोललो होतो, म्हणून तिचं शेपूट राहिलं. तिनं सांगितलं तसं लांब बोललो असतो तर तेही गेलं असतं. एवढीच माझी पुण्याई, की मी तिचं ऐकलं नाही. त्याचं मला काही समाधान वाटलं नाही. मी लांब बोलायला हवं होतं. तेव्हाही आणि तिच्या शेवटच्या चार वर्षांतही.

आबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून टेपकडं बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते.

"हसायलेत म्हनली ना?" त्यांनी विचारलं.

"हो. नुसते हसायलेत, म्हणाली."

"व्हय, हसतच व्हतो मी," ते म्हणाले. "तिला त्या यंत्रापुढं बोलताना बघून हसू यायचं." मग म्हणाले, "परत लाव."

सैल बेल्टवर उलटं फिरवायचा मला भरवसा नव्हता. कॅसेट बाहेर काढून चाकात पेन्सिल घातली आणि हातानंच फिरवायला लागलो. आईचं जिथं सुरू होतं तिथं अंदाजानं थांबलो आणि म्हणालो, "इथून आई लागेल."

"न्हाई," आबा म्हणाले. "पार पयल्यापासून लाव. तिला ते ऐकायचं व्हतं."

मी पेन्सिल पुन्हा फिरवायला लागलो, फीत सुरुवातीला येऊन अडेपर्यंत.