लाल दोऱ्यात बांधलेला अध्याय

माझ्या आईला द्रौपदीचं भारी कौतुक. देवबिव म्हणून नव्हे, बाई म्हणून. "दुसरी असती तर रडत बसली असती," ती म्हणायची. "हिनं केस मोकले सोडले आनि सांगितलं, सूड घेतल्याबिगर बांधायची नाय. बाई असावी तर अशी!" हे सांगताना आईचा आवाज असा चढायचा की भरसभेत हिचाच पदर कुणी ओढलाय असं वाटावं.

त्यामुळे स्वतःवर वेळ आली तेव्हा तिनंही तेच केलं. केस मोकळे सोडून मासळी विकता येत नाही, म्हणून तिनं वेणी सोडली. अंबाड्यावरची फुलांची वेणी. सातपाटीची कोळीण एक वेळ उपाशी बाजारात जाईल, पण बिनवेणीची जाणार नाही. आणि माझी आई वर्षभर तशीच गेली. बोईसरच्या बाजारात गिऱ्हाइकं विचारायची. सालवडला राहणाऱ्या, नवऱ्याच्या कंपनीपायी कुठून कुठून आलेल्या बायका. एक हिंदी बोलणारी तर रोज, "मौसी, आज भी फूल नहीं लगाया?" आई पापलेट तोलता तोलता सांगायची, "नहीं लगाने का. मच्छी लेने का तो बोल."

झालं होतं ते असं. वडील आम्ही लहान असतानाच गेले, पुढे बोट भाऊ चालवू लागला. आदल्या हंगामात त्यानं समुद्रात जाळी टाकली होती. जाळ्यांवर झेंडे होते, दिवसाचा लख्ख उजेड होता, तरी आमच्या काकानं घाईत आपली बोट जाळ्यांवरून नेली. जाळं तुटलं आणि त्याचा दोर आमच्याच बोटीच्या पंख्यात गुंडाळला. पंख्यात दोर अडकला की कुणीतरी सुरी घेऊन खाली बुडी मारावी लागते. भावानं मारली. लाटेनं बोट उचलली, दोर ताणला गेला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. काकानं बोट मागे वळवली नाही. वर बंदरावर सगळ्यांसमोर म्हणाला, "मला झेंडे दिसलेच नाय."

सख्खा काका! माझ्या लग्नात याच माणसानं मला हाताला धरून मांडवात आणलं होतं. मला त्याचा इतका राग आला की आजही लिहिताना कान तापतात.

आईनं त्याच दिवशी अंबाड्यावरची वेणी काढून फेकली. "ज्या दिवशी त्याचं जालं असंच तुटंल, त्या दिवशी वेनी मालीन." भावानं ते मनावर घेतलं. नारळी पुनवेनंतर बोटी समुद्रात जातात, त्या पहिल्याच फेरीत काकाचं जाळं कापायचं असं त्यानं ठरवलं, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी समजावून पाहिलं. आई म्हणाली, "तू सालवडला बिल्डिंगीत ऱ्हातेस. तुला काय कललं समुद्रातलं?"

श्रावणात बोटी वर ओढलेल्या असतात. तेव्हा आमच्या आळीत संध्याकाळी पांडवांची पोथी लागते. बायका मुठीत अक्षता धरून ऐकतात आणि अध्याय संपला की पोथीवर टाकतात. वाचणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांची नजर गेली, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं. "मास्तरीण हायस ना? मग वाच." म्हणून त्या दिवसांत बोईसरची शाळा सुटली की मी रोज सातपाटी गाठायची.

पोथीची पानं सुटी. त्यातला एक अध्याय मात्र लाल दोऱ्यानं वेगळा बांधलेला. आजोबांनी बजावलं होतं, "तो वाचायचा नाय." भीमानं मांडी फोडली की अक्षता पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी आजोबा थेट राज्याभिषेकावर जायचे. मधल्या अध्यायात द्रौपदीची पाच मुलं झोपेत मारली जातात. ज्यांची पोरं समुद्रावर बोटीत झोपतात, त्यांनी हंगामाच्या तोंडावर ते कशाला ऐकायचं? मला ते पटलं होतं. पण मी पडले हट्टी. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी माहेरच्या स्वयंपाकघरात चहा उकळत ठेवला आणि दोरा सोडून तो अध्याय वाचून काढला. चहा उतू गेला, तरी मी वाचतच होते.

आणि मग मला असा संताप आला! आईनं जन्मभर अर्धीच गोष्ट ऐकली होती.

संध्याकाळी आळी भरली. मागे दाराजवळ काकीही होती. दोघी जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण पोथी कुणीच सोडली नव्हती. काका बाहेर ओट्यावर, भाऊ पायरीवर. मी मांडी फोडल्याचं वाचलं आणि आईनं अक्षता इतक्या जोरात टाकल्या की चार दाणे माझ्या चष्म्यावर आदळले. "झालं! फिटलं!" म्हणत ती पदर खोचून उठायला लागली. उठता उठता तिनं भावाकडं पाहिलं, भावानं तिच्याकडं. ती नजर मला मुळीच आवडली नाही.

आमच्यात एक नियम आहे. अध्यायाची पहिली ओवी तोंडातून निघाली की तो संपेपर्यंत वाचणाऱ्यानं थांबायचं नाही आणि ऐकणाऱ्यानं उठायचं नाही. मी लाल दोरा ओढला आणि घाईघाईनं पहिली ओवी म्हणून टाकली.

"अगो, तो नाय!" कुणीतरी ओरडलं. पण आता काय उपयोग? आई मटकन खाली बसली. डोळ्यांनी मला कच्ची खात होती.

मी वाचत गेले. अश्वत्थाम्यानं बापाच्या सुडापोटी झोपलेली मुलं मारली. त्याला बांधून द्रौपदीपुढे आणला. भीम म्हणाला, मारतो याला. सगळ्यांना वाटलं, ही आता हो म्हणणार. आणि ज्या बाईनं सुडासाठी एवढी वर्षं केस बांधले नव्हते, ती म्हणाली, सोडा याला. मी रडतेय तशी याची आई रडायला नको. मग त्याच्या डोक्यावरचा मणी तेवढा काढून घेतला आणि त्याला जिवंत सोडलं.

अध्याय संपला. बायकांनी अक्षता टाकल्या, आईची मूठ मात्र उघडेना.

"आये, टाक ना," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पायरीकडं वळून भावाला विचारलं, "त्यांच्या पंख्यात दोर गेला तर बुडी कोन मारील?"

भाऊ चपला शोधायला लागला.

"बोल की रे. कोन मारील?"

"काकीचा पोरगा," भाऊ खाली बघत म्हणाला. "दुसरं कोन हाय त्यांच्याकडं?"

काकीचा एकुलता एक. आमच्याच घरात जेवून मोठा झालेला. काकीनं तोंडावर पदर घेतला. तिला त्या क्षणापर्यंत काहीच ठाऊक नव्हतं.

आई उठली, सगळ्यांच्या मधून वाट काढत दाराशी गेली आणि ओट्यावरच्या काकाला म्हणाली, "तुमचं जालं कुनी कापनार नाय. पन द्रौपदीवानी मनी मी घेनार, भावोजी. वर्साआधी बंदरावर खोटं बोललात ना? उद्या तिथंच उभं ऱ्हाऊन खरं बोला." मग आई काकीकडं वळली. "आनि तू उद्या वेनी घेऊन ये."

भाऊ तणतणत निघून गेला. माझी बोटं गेली त्याचं काय, म्हणाला, आणि त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी बंदरावर तो आला होता. सगळं गाव नटूनथटून उभं. काकाच्या हातात नारळ. तो पाण्यात सोडण्याआधी काका पोरासोरांसमोर म्हणाला, "झेंडे मला दिसले होते. चूक माजी हाय." आवाज फुटत नव्हता, मागच्यांना ऐकू गेलं नाही. आई म्हणाली, "परत." तो परत बोलला, मोठ्यानं. भावानं नुसती मान हलवली. गळाभेट वगैरे काही नाही. पण त्या हंगामात कुणाचंही जाळं तुटलं नाही.

काकीनं अबोलीची वेणी आणली होती. आई वाळूत बसली, काकी मागे. काकीला आकडा काही केल्या लावता येईना, आणि वर डोळ्यांतून धार.

"घट्ट माल," आई खेकसली. "आनि रडतेस कशाला? तू रडू नयेस म्हनून तर मी गप बसले."