शंकासुराची स्प्रिंग

आमच्या ह्यांना अख्खा बाजार शंकासुर म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. दुधात पाणी आहे की नाही हे लोक चव घेऊन ठरवतात, हे दूधवाल्याच्या तोंडाकडे बघून ठरवतात. पण उड्या मारायच्या मोटरसायकलींचे शॉकअप बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. म्हणून नाकं मुरडत का होईना, गिऱ्हाईकं येतात.

आमच्या लेकीला तसलीच गाडी चालवायची होती. पोर म्हणजे काडीपैलवान. "एवढ्याशा वजनाला गाडी जुमानत नाही," हे म्हणायचे. "आधी वजन भर, मग गाडीवर बसवतो." बिचारीने खाण्याचा सपाटा लावला, पण अंगाला काही लागेना. मग एके दिवशी बूट-हेल्मेटसकट काट्यावर उभी राहिली आणि वजन भरलं! ह्यांनी मागच्या शॉकअपात त्या वजनाला साजेशी कडक स्प्रिंग घातली, तिला गाडीवर बसवलं आणि मोजायची टेप लावली. तिच्या वजनाने मागची बाजू पंजाच्या रुंदीइतकी खाली बसली. इतकीच बसायला हवी. ह्यांची स्वारी खूश झाली.

मैदानात मात्र उडी मारून गाडी जमिनीला टेकली की मागची बाजू तिला उचलून फेकायची. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मनगट सुजलं. हे म्हणाले, "आणखी एकदा पडलीस तर गाडी विकून टाकीन." लेक रात्रभर रडली.

विकायच्या आधी ह्यांना चोर मात्र पकडायचा होता. गाडीला कोणीतरी हात लावतंय, यावर ते ठाम होते. समोरच्या गॅरेजवाल्यावर संशय, स्प्रिंग विकणाऱ्यावर संशय. माझी नेलपॉलिशची बाटली नेऊन प्रत्येक स्क्रूवर खुणा केल्या. खुणा जागच्या हलेनात. मग माझ्याकडे वळले.

"तू तर नाही ना काही फिरवलंस? तुला ती गाडी पहिल्यापासून नको होती."

"फिरवायचंच असतं तर तुमचं डोकं फिरवलं असतं!" मी म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्यांनी लेकीला पुन्हा गाडीवर बसवून माप घेतलं. पुन्हा बरोब्बर. "इथे बरोबर, मैदानात चूक. म्हणजे मधे कोणीतरी आहे," ते पुटपुटले. लेक घाईघाईने वर निघून गेली. तेवढ्यात त्यांना गाडीखाली वाळू दिसली. पांढरी, बारीक. मैदानात तर सगळी लाल माती.

"शॉकअपात वाळू घातली मेल्यांनी!"

वाकून, फरशीला नाक लावून ते माग काढत निघाले. मीही मागोमाग. समोरच्या गॅरेजवाल्याशी हे हातघाईवर येणार, याची मला धास्ती. पण वाळूची रेघ रस्त्याकडे गेलीच नाही. आमचाच जिना चढून लेकीच्या खोलीत गेली.

लेक सुईदोरा घेऊन बसली होती. व्यायामाला पायांना बांधतात तसल्या वाळूच्या पिशव्या मांडीवर होत्या, आणि एकीची शिवण उसवली होती. वजन करताना आणि माप घेताना त्या कपड्यांच्या आत बांधायची, मैदानात जाताना सोडून ठेवायची; मग तिच्या हलक्या अंगाला ती कडक स्प्रिंग उचलून फेकायची.

"वजन भरल्याशिवाय तुम्ही गाडीवर बसवणार नव्हतात, बाबा."

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पलंगाच्या कडेवर बसून म्हणाले, "सगळ्यांवर संशय घेतला मी. तुझ्या आईवरसुद्धा. एक तू सोडून."

गाडी काही त्यांनी विकली नाही. तिच्या खऱ्या वजनाची मऊ स्प्रिंग आणून बसवली. माप घ्यायच्या वेळी लेकीने न सांगता, झडती द्यावी तसे दोन्ही हात बाजूला पसरले. मला वाटलं, आता तरी ह्यांना कसंतरी होईल. पण त्यांनी सगळे खिसे चाचपले, कमरेचा पट्टा बघितला, बूट काढायला लावून उलटे करून झटकले. मग टेप लावली.

मैदानात त्या दिवशी गाडी उडाली, टेकली, मागून हळूच बसली आणि सरळ पुढे निघाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेक आमच्यापाशी येऊन थांबली आणि हसत हेल्मेट काढू लागली.

हे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बूट मी नीट झटकले होते ना गं?"

तिने ते ऐकलं. अर्धवट काढलेलं हेल्मेट तिने परत खाली ओढलं.