हरकत नसल्यास

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनपासून गाडीने अर्ध्या तासावर, टायरची दुकानं आणि मक्याची शेतं यांच्यामध्ये एक कम्युनिटी कॉलेज आहे. नाव सांगण्यात अर्थ नाही. सांगून कुणाला अभिमान वाटावा असं तिथे हल्ली काही घडत नाही. सुचित्रा वैरागडे तिथे गणित शिकवते. ओळखीतल्या मराठी लोकांना हे कळलं की ते आधी "अरे वा" म्हणतात आणि मग नाक मुरडून विचारतात, "म्हणजे ते दोन वर्षांचं ना?" यांचीच मुलं मोठ्या युनिव्हर्सिटीत गटांगळ्या खाल्ल्यावर उन्हाळ्यात गुपचूप तिथे येऊन क्रेडिट भरून काढतात. तो विषय मात्र गणपतीच्या जेवणाला कुणी काढत नाही.

सुचित्रा मूळची नागपूरची, गणितात एम.एस्सी. लग्न करून अरुणबरोबर आली तेव्हा तिच्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. ऐन उमेदीची वर्षं तिने पोळ्या लाटण्यात आणि मुलीला, सलोनीला, शाळेत ने-आण करण्यात घालवली. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात ती कॉलेजच्या दारात उभी होती. तेव्हापासून ती पार्ट-टाइम आहे. पार्ट-टाइम म्हणजे शिकवायचं पूर्ण, पगार अर्ध्याहून कमी, बसायला खोली नाही, आणि पुढच्या सेमिस्टरला वर्ग मिळेल की नाही ते देव जाणे.

तिचा स्वतःचा म्हणावा असा एकच वर्ग होता. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, अपूर्णांकांपासून सुरू होणारा. गोदामात खोकी उचलणारे, ट्रक चालवणारे, शाळा सुटून जन्म लोटलेल्या आया असे सगळे तिथे येत. सुचित्रा त्यांना फळ्याशी उभं करायची, मनसोक्त चुकू द्यायची आणि चूक कुठे झाली ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायची. त्यातली डेनीस नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची अंगं पुसण्याचं काम करायची. तिला नर्स व्हायचं होतं आणि गणित आडवं येत होतं. दोनदा नापास होऊन ती सुचित्राकडे आली, आणि आता औषधाची मात्रा काढायची गणितं ती फळ्यावर न अडखळता सोडवत होती. सुचित्राचा जीव होता त्या वर्गावर. तोच बंद करायचं घाटत होतं.

वर्गाऐवजी काय, तर एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम. विद्यार्थ्याने घरी बसून आपल्या सोयीने शिकायचं आणि अडलं की एआयला विचारायचं. डबल शिफ्ट करून आलेल्या बाईने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून यंत्राला विचारायचं की बाबा रे, मला काय येत नाही. याला नाव दिलं होतं 'यशाची वाट'. असली नावं ठेवणाऱ्यांना वेगळा पगार असतो.

अभ्यासक्रमाच्या बाबतीत शेवटचा शब्द फॅकल्टी सेनेटचा. सेनेट म्हणजे प्राध्यापकांनी निवडून दिलेल्या बावीस जणांची सभा. बावीसपैकी एकवीस फुल-टाइम. निम्म्याहून जास्त वर्ग शिकवणाऱ्या पार्ट-टाइम लोकांना मिळून एक जागा, आणि ती सुचित्राकडे होती, कारण बाकी कुणाला या भानगडीत पडायला वेळ नव्हता. कॉलेजात मुलं कमी होताहेत, निबंध यंत्राकडून लिहून येताहेत, ऑनलाइन वर्गात निम्मी नावं बनावट निघताहेत, कुणीतरी सरकारी मदत लाटायला घुसवलेली. या सगळ्यावर सेनेटने काय केलं? प्रत्येकावर एकेक उपसमिती नेमली. उपसमित्यांनी काय केलं? मुदत वाढवून घेतली. मनापासून भांडण व्हायचं ते फक्त पार्किंगवरून. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक गाडी लावायच्या जागेसाठी जेवढा पोटतिडकीने बोलायचा तेवढा वर्गात कधी बोलला असेल तर शपथ.

या सभेचे अध्यक्ष होते डॉक्टर गुरुदत्त मुजुमदार. आख्ख्या कोलंबसच्या मराठी मंडळींचे गुरुदत्तकाका. अध्यक्षाला एक वर्ग कमी शिकवावा लागतो, समितीच्या प्रमुखाला आणखी एक कमी. असे एकेक वर्ग अंगावरून झटकत झटकत हा फिजिक्सचा प्राध्यापक अशा मुक्कामाला पोचला होता की विद्यार्थ्यांना तो फक्त वेबसाइटवरच्या फोटोत दिसायचा. महाराष्ट्र मंडळ असो की सेनेट, काकांची रीत एकच. आधी फोन फिरवायचे, एकेकाला कोपऱ्यात घ्यायचं, आणि सभेत सगळं बिनविरोध. मतदानाची वेळ आली म्हणजे अध्यक्ष कमी पडला, असं ते अभिमानाने सांगायचे. लोक माना डोलवायचे.

सुचित्राही डोलवायची. तिला या नोकरीत चिकटवलं होतं काकांनीच. सलोनी लहानपणी आजारी पडली तेव्हा अहिल्याकाकूंनी घरी डबे पाठवले होते. या गोष्टी माणूस विसरत नाही, आणि काकांसारखे लोक तर त्या दुसऱ्याला विसरू देत नाहीत.

वर्ग बंद करायचा ठराव सेनेटपुढे येणार हे कळल्यावर सुचित्राने कंबर कसली. सभेच्या सुरुवातीला बाहेरच्या माणसालाही बोलता येतं. तिने डेनीसला बोलायला तयार केलं. डेनीसने त्यासाठी शिफ्ट बदलून घेतली, आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं. आणि आदल्या रविवारी काकांनी सुचित्राला सत्यनारायणाला बोलावलं.

प्रसाद झाल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं असं की कॉलेजचा प्रेसिडेंट हट्टी आहे, चारचौघांत त्याला अडवलं की तो पेटतो. आपण सगळं लावून ठेवलंय, ठराव समितीकडे परत जाणार, वर्षभर तरी बाहेर येत नाही. फक्त सुचित्राने गप्प राहायचं आणि त्या बाईला आणायचं नाही. "अगं, घरातल्या घरात मिटवू," काका म्हणाले. "माझ्यावर विश्वास आहे ना?"

आता यावर नाही कोण म्हणणार? सुचित्राने डेनीसला कळवलं की येऊ नकोस, सगळं मिटलंय. हे ऐकून सलोनी फोनवरून चिडली. ती म्हणाली, "मॉम, ही इज नॉट इव्हन युअर रिअल अंकल." तुला नाही कळायचं, असं म्हणून सुचित्राने फोन ठेवला. पोरीला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं ते गणितात एम.एस्सी. झालेल्या तिच्या आईला.

सभेत तो ठराव आला. काकांनी तो इतक्या घाईने वाचला की जणू आभारप्रदर्शन चाललंय. मग म्हणाले, "कुणाची हरकत नसल्यास संमत समजतो." आणि थांबले. सेनेटची ही जुनी पद्धत. एकानेही हरकत म्हटलं की चर्चा आणि मतदान करावंच लागतं. कुणी बोललं नाही तर सगळ्यांचा होकार. सुचित्रा काकांकडे बघत होती. काकांनी डोळे हलकेच मिटून तिला खूण केली की थांब, मी आहे. आता ते समितीचं नाव घेतील म्हणून ती थांबली. काकांनी टेबलावर लाकडी हातोडी आपटली. एकमताने संमत.

बाहेर आल्यावर इतिहासाच्या ब्रेंडाने तिला मिठी मारली. ब्रेंडाच्या प्रत्येक ईमेलखाली कष्टकऱ्यांच्या एकजुटीबद्दल काहीतरी छापलेलं असतं. फार वाईट झालं, ती म्हणाली. मग तू हरकत का नाही घेतलीस, असं सुचित्राने विचारलं. ब्रेंडा म्हणाली, "तूच गप्प होतीस. मला वाटलं तुझी संमती आहे."

आठवड्याच्या आत प्रेसिडेंटने जाहीर केलं की नव्या प्रोग्रॅमसाठी एक केंद्र उघडतंय आणि त्याचे डायरेक्टर डॉक्टर मुजुमदार. सुचित्राने फोन केला तेव्हा काकांच्या आवाजात लाज नावाला नव्हती. ऐनवेळी सगळं बदललं म्हणे. पण काळजी करू नकोस, केंद्रात तुझ्यासाठी शब्द टाकतो. तिला किळस आली, काकांची आणि त्यांच्याहून जास्त स्वतःची. गुरुवारी तिने वर्गाला खरं काय ते सांगितलं. डेनीस एवढंच म्हणाली, "पण तुम्ही म्हणाला होतात, सगळं मिटलंय."

तिने घरी येऊन सेनेटचे नियम काढले. एकदा झालेला निर्णय पुढच्या सभेत परत उघडता येतो, पण तशी मागणी फक्त होकार दिलेल्या सभासदालाच करता येते. वर आणखी एकाचं अनुमोदन लागतं.

पुढच्या सभेत ती उभी राहिली. म्हणाली, "गेल्या वेळी मी गप्प बसले. तुम्ही मला होकारात मोजलंत. तेव्हा फेरविचार मागायचा हक्क मला आहे. माझा वर्ग तुम्ही चर्चेशिवाय बंद केलात. आज चर्चा करा, मग प्रत्येकाने नावानिशी मत द्या."

काकांनी नियम चाळले. मागणी नियमात बसत होती. त्यांनी घसा खाकरून विचारलं, "अनुमोदन?"

सुचित्राने एकेका चेहऱ्याकडे बघितलं. मिठी मारणाऱ्या ब्रेंडाला पाण्याच्या बाटलीचं झाकण एकाएकी घट्ट झालं. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक लॅपटॉपमध्ये शिरला. काका सोडून बाकीचे वीस जण, कायमची नोकरी असलेले, ज्यांना कुणी काढू शकत नाही असे, मूग गिळून बसले होते. त्यांना कुणी धमकी दिली नव्हती, लालूच दाखवली नव्हती. नुसतं आपलं नाव नको होतं कुठे. काकांची तरी सुचित्राला चीड येत होती. या लोकांची तेवढीही येईना.

"अनुमोदनाअभावी मागणी फेटाळली," काका म्हणाले. "पुढचा विषय, पार्किंग." आणि खोलीभर हात वर झाले.

सभा संपल्यावर काकांनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. आजूबाजूला सगळं सेनेट रेंगाळत होतं, प्रेसिडेंटही होता. काका हसत मराठीत म्हणाले, "अगं सुचित्रा, राग नाही ना? रविवारी ये जेवायला, काकूने पुरणपोळ्या करायचं ठरवलंय."

"येणार नाही," ती म्हणाली. "आणि मला अगं म्हणू नका. घरचे म्हणून तुम्ही मला गप्प बसवलंत आणि माझा वर्ग विकून डायरेक्टर झालात. मी प्राध्यापक वैरागडे. तेवढंच म्हणायचं."

काकांनी झटकन मागे वळून बघितलं. सगळे आपापल्या गप्पांत होते. मराठी समजणारं तिथे कुणी नव्हतं. त्यांचे खांदे सैल झाले आणि ते तिच्याकडे बघून समजूतदारपणे हसले.

मग सुचित्राने तेच सगळं, पहिल्यापासून, मोठ्या आवाजात इंग्रजीत सांगितलं.