चौकटीतलं नाव

मुलांनो, गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात, "आजी, पासवर्ड टॅबमध्येच सेव्ह करून टाक ना, दर वेळी काय वाचत बसतेस?" मी नाही म्हटलं. त्याचं कारण फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्यातली थोरली जन्मली तेव्हा बाबानं तिच्या फोटोंचं एक पान इंटरनेटवर ठेवलं होतं. अनोळखी माणसानं बाळाचे फोटो पाहू नयेत म्हणून पानाला पासवर्ड होता, आणि इथे भारतात तो फक्त मला दिलेला. बिबवेवाडीत आमच्या इमारतीखालीच सायबर कॅफे होता. पहिल्या दिवशी गेले, करड्या चौकटीत नाव आणि पासवर्ड भरला, आणि बाळ दिसलं. एक फोटो छापून घेतला.

पानाच्या तळाशी, ते बनवायला मदत करणाऱ्या कुणाचे तरी आभार मानून त्याची लिंक दिली होती. आभार कोणाचे ते कळावं म्हणून मी ती दाबली. पुन्हा तशीच चौकट आली. मागे बाळाचा फोटो तसाच होता, म्हणून वाटलं, तेच पान परत विचारतं आहे. मी कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं प्रवेशअर्ज तपासले. समोर आलेला अर्ज रिकामा सोडणं मला जमत नसे. भरला. चौकट परत आली. परत भरला, जास्त काळजीपूर्वक. तरी चौकट आलीच.

कॅफे चालवणाऱ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काकू, आता तिसऱ्यांदा भरलंत तरी त्याला दया येणार नाही. चौकटीतलं बारीक अक्षर वाचलंत का? ही दुसरीच साइट आहे."

"मग मागे आमचं बाळ कसं?"

"ते जुनं पान. नवं अजून आलेलंच नाही. तोवर ब्राउझर जुनंच दाखवतो."

म्हणजे बाळाची किल्ली मी दोनदा परक्याच्या हातात दिली होती. मी 'रद्द' दाबलं आणि तिथूनच बाबाला फोन लावला. त्यानं लगेच पासवर्ड बदलला. मग म्हणाला, "आई, तू या भानगडीत पडू नकोस. फोटो मी मेलनं पाठवत जाईन."

"पडणार," मी म्हटलं. "नवा पासवर्ड सांग."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी पुन्हा त्याच खुर्चीवर होते. चौकट आली की आधी पडद्यावर बोट ठेवून त्यातलं नाव वाचायचं, मगच हात कीबोर्डवर. बाई म्हणाल्या, "काकू, काच पुसायचे पैसे लावीन हं." मी बोट काढलं नाही.

आता काही ब्राउझर असं विचारताना जुनं पान झाकतात आणि नव्याचा पत्ता वर दाखवतात. चांगलं केलं. मी तरीही वाचते.

बाबाचं ते पान केव्हाच बंद झालं. छापलेला फोटो माझ्या कपाटात आहे, रंग थोडे उतरलेत, आणि बोट ठेवून वाचायची सवय आहे.